वाकते हां, पानी मोजायला

शकूआक्का विहिरीवर वाकली की कुणी ओरडत नसे. मी वाकले की ओरडत.

कामाला लागून चार दिवस झाले असतील. येसूआबांच्या विहिरीवर मी एकटीच गेले होते. टेप खाली सोडला, पाणी दिसेना म्हणून कठड्यावरून जरा पुढं झाले, तर मागून कुणीतरी माझा बुचडाच धरला. वळून बघते तर येसूआबा. एरवी काठी घेऊन दहा पावलांत दोनदा थांबणारा म्हातारा लिंबाखालून पळत आला होता.

"आगं ए, कुनाची सून हाईस तू? घरात काय झालं आसंल तर बोल की! जीव कशाला देतीस?"

कांद्यातल्या दोन बाया खुरपी टाकून धावल्या. एकीनं माझा हात धरला, दुसरी माझ्या नवऱ्याला फोन लावायला निघाली. घाबरल्यावर माझ्या तोंडात माहेरची भाषा येते. मी म्हणत होते, "पाणी मोजून राहिली जी, पाणी!" ते त्यांना समजेना. "काय म्हन्ती?" "कायबाय बडबडतीया बिचारी."

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून शकूआक्का आली. आली म्हणजे आधी तिचं हसणं आलं, मग ती. कठड्यावर बसली, पोट धरून हसली आणि म्हणाली, "आबा, सोड तिचा बुचडा. पानी मोजती ती. माज्याबरुबर हाय."

मग माझ्याकडं वळली. "सूनबाई, या गावात सून मुकाट्यानं विहिरीवर वाकली की लोकांच्या पोटात गोळा येतो. आदी सांगायचं. आसं." उठून उभी राहिली, पदर खोचला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "आबाऽऽ, वाकते हां! जीव द्यायला न्हाई, पानी मोजायला!"

विहिरीतून तिचाच आवाज परत आला. बाया हसल्या. आबाही हसले. मीही हसले, पण मनात कुठंतरी ते टोचून राहिलं. कारण त्या दिवसापासून प्रत्येक विहिरीवर मला ही आरोळी द्यावी लागली आणि तिला कधीच लागली नाही. ती गावची लेक होती. लेक विहिरीवर वाकली तर लोक म्हणत, आक्का पाणी बघती. सून वाकली तर काय म्हणत ते सांगितलंच.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरच्या पुढं. तिकडं गावागावाला तलाव, शेताशेताला बोडी, म्हणजे लहान तळं. पाणी मोजायची गोष्ट असते हे मला ठाऊकच नव्हतं. आठवीत शाळा सुटली. पुढं एका ओळखीच्या माणसानं स्थळ आणलं आणि दोन दिवसांचा प्रवास करून मी नगरकडच्या कर्जत तालुक्यात आले, मिरजगावापासून आत, जिथं उन्हाळ्यात घागरीवर झाकण ठेवून वर कपडा बांधतात. आमचे हे टेम्पो चालवतात. घरची माणसं वाईट नाहीत. पण माझं "कायले" ऐकून पोरं हसत, आणि शेजारणी विचारत, "तुमच्यात नुसता भातच खात्यात म्हनं?" तीन वर्षं मी गावात कमी बोलले.

आमच्या गावच्या ओढ्यावर नगरच्या एका संस्थेनं पाण्याचा अभ्यास सुरू केला होता. ओढ्यात सिमेंटची आडवी भिंत, तिच्या मधोमध खाच. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं ते शेजारच्या पट्टीवर बघायचं. काठावर एक बोअर घेतली होती, तिच्यात मोटर नव्हती. नुसतं जमिनीतलं पाणी किती खाली गेलं ते बघायची बोअर. गाव तिला मुकी बोअर म्हणायचं. शिवाय आजूबाजूच्या विहिरी मोजायच्या. या कामाला शकूआक्का आधीपासून होती. दुसरी बाई हवी होती, तेव्हा तिनंच माझं नाव सांगितलं. संस्थेचे साहेब म्हणाले, शिक्षण? आक्का म्हणाली, "शिक्षानाचं काय घेऊन बसला, साहेब? हिच्या दाराची रांगोळी बघा. जी बाई रोज येवढ्या सरळ रेघा वडती ती आकडा वाकडा लिहिल व्हय?"

साहेबांनी रांगोळी बघितली नाही, पण मला घेतलं. हे उपकार मी विसरणार नाही. रोज सकाळी मला वाटायचं, आज साहेब म्हणणार, उद्यापासून येऊ नका. ते कधी म्हणाले नाहीत. तरी उपकार एका बाजूला आणि हेवा दुसऱ्या बाजूला, अशी दोन्ही ओझी घेऊन मी तिच्यामागं ओढ्याकाठानं चालत राहिले.

आक्का चाळिशी ओलांडलेली, रुंद हाडाची, काळी, पुढच्या दातांत फट. साडीवर भावाचा जुना शर्ट. शर्टाच्या खिशात पेन, मिश्रीची डबी आणि पावडरच्या डबीतला फुटका आरसा. आरसा तोंड बघायला नव्हे. खोल विहिरीत पाणी दिसत नसलं की ती उन्हाकडं आरसा धरायची आणि कवडसा विहिरीत सोडायची. कवडसा दगडांवरून घसरत, पारव्यांना उठवत खाली जायचा आणि पाण्याला लागला की थरथरायचा. "दिसलं बग. लाजत हुतं." मीही माझा आरसा नेऊन बघितला. माझा कवडसा विहिरीच्या निम्म्यातच हरवायचा. आक्का म्हणायची, "तू आरसा हालवतीस. सूर्याला हालवायचं आसतं." याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण आता माझा कवडसा पाण्यापर्यंत जातो.

पाणी मोजायला निघण्याला ती दवाखाना म्हणायची. "चल सूनबाई, दवाखाना उगडू." विहिरी म्हणजे पेशंट. "आबाची हीर लई खंगली." "शाळंमागच्या हिरीला सलाईन लागतंय." विहिरीवर पोचलं की आधी टेप नाही. आधी बसायचं. सुनेचं बाळंतपण, म्हशीचं दूध, जावयाचं पिणं, सगळं विचारून व्हायचं आणि मग सहज म्हटल्यासारखं, "मोटर कवा बंद केली?" मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर विहीर मोजली तर आकडा खोटा येतो, म्हणून हे विचारावंच लागतं. मला विचारल्यावर लोक सांगत, "रातीच बंद केली, ताई." आणि पाइपाच्या तोंडातून अजून पाणी ठिबकत असायचं. आक्काला सांगत, "खोटं कशाला बोलू आक्का, आत्ता तासाभरामागं केली. दुपारून ये." तिच्याशी खोटं बोलायची कुणाला गरजच वाटत नसे. मला तिच्या आकड्यांचा हेवा नव्हता, अक्षर तर माझंच चांगलं होतं. हेवा होता तो त्या "खोटं कशाला बोलू"चा.

परत येताना तिचा ओचा भरलेला असायचा. कुणी हरभऱ्याचा डहाळा दिलेला, कुणी लिंबं, कुणी ओल्या शेंगा. ओढ्यावर आल्यावर ती त्यातलं निम्मं माझ्या पदरात टाकायची. "घे. तुजी पन वटी." मी घ्यायची, घरी नेऊन शिजवायची, चवीनं खायची. आणि खाताना मनात यायचं, हे मला दिलेलं नाही, तिला दिलेलं आहे.

तिची मोजायची एक रीत होती. ती आकडा वाचायची तो ओरडून. मी ओढ्याच्या दुसऱ्या काठावर असले तरी मला ऐकू जायला पाहिजे. मग मी तो तसाच ओरडून परत म्हणायचा. दोघींचा सारखा आला की मगच लिहायचा. साहेबांनी एकदा सांगितलं, एवढं ओरडायची गरज नाही. आक्का म्हणाली, "साहेब, तुमी नगरला ऱ्हाता. हितं पान्याचा आकडा पुटपुटला तर लोकं म्हन्तील, चोरून मोजत्यात." त्यामुळं सोमवारी सकाळी ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांनाही आकडे पाठ होत. महिन्याच्या शेवटी ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचे. लिहायची आक्का. तिचा चार नांगरासारखा आणि नऊ झोपलेला. साहेब एकदा म्हणाले की या ताईंचं अक्षर चांगलं आहे, यांना लिहू द्या. पारावरून एक जण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. फळ्यावर आपल्या लेकीचा हात बरा दिसतो." कुणाला काही खटकलं नाही. मी खडू आक्काच्या हातात परत दिला.

आक्काचं लग्न झालं होतं आणि वर्षाच्या आत मोडलं होतं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून ती भावाकडं, तात्यांकडं. तात्यांच्या घराला मागच्या बाजूनं एक खोली, खोलीपुढं तिच्या वडलांनी लावलेला पेरू. खोलीत तिची ट्रंक आणि पलंग. भाऊ-भावजय, भाचे, सगळे तिला मान देत. ती तात्यांना चारचौघांत "आरं येड्या" म्हणायची आणि ते हसायचे. मी त्या पेरूखाली बसून चहा प्यायले की घरी येऊन माझा जीव लागत नसे. आईला फोन करायचे. आई विचारायची, "कशी आहेस बाई?" मी म्हणायचे, बरी आहे. माहेरी राहणारी बाई एवढी सुखी असते हे आईला कसं सांगणार? लोक आक्काला बिचारी म्हणत, नवऱ्यानं टाकलेली म्हणत. मला तर गावात तिच्याइतकी श्रीमंत बाई दुसरी दिसत नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर तात्यांनी ओढ्याकाठी नवी बोअर घेतली. मुक्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर. पाणी चांगलं लागलं. तात्यांनी ऊस लावला, श्रीगोंद्याच्या कारखान्याला घालायचा म्हणून. आणि मुक्या बोअरचा आकडा दर सोमवारी खाली जायला लागला. भिंतीच्या खाचेतून पडणारी धार दरवर्षी शिमग्यापर्यंत टिकायची, ती संक्रांतीतच तुटली. खालच्या अंगाला येसूआबांची विहीर होती, तिच्यात सकाळी मोटर चालली की दुपारी गाळ. आबा आक्काला म्हणाले, "लेकी, माज्या हिरीला काय झालंय गं?" आक्का नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, "बगू आबा. तपासून सांगते."

फेब्रुवारीच्या शेवटी फळा लिहायचा होता आणि त्या आकड्यांवर ग्रामसभा बसणार होती. ओढ्याकाठच्या मोटरींना दिवस वाटून द्यायचे का, हा विषय होता. आदल्या रविवारी मी टेप आणायला आक्काच्या खोलीत गेले होते. तात्या पेरूखाली उभे होते. आवाज चढलेला नव्हता. मला बघूनही ते थांबले नाहीत, सुनेला काय समजतंय.

"आक्के, उद्याच्याला मुकी बोअर मोजू नगं. या आठवड्यात लाइट सकाळची हाय, माजी मोटर चालू आसनार. परवा दुपारी मोज. मोटर बंद, पानी वर. खोटं कायबी न्हाई त्यात."

"तिचा सोमवार ठरल्याला हाय, तात्या. आजूबाजूच्या मोटरी किती वडत्यात त्येच तिच्यात बगायचं आसतं."

"तू ठरवल्याला हाय ना? मग तूच बदल." जरा थांबून म्हणाले, "हितं ऱ्हायाचं हाय आपल्याला सगळ्यांनी."

भावजय दारात उभी राहून ऐकत होती. आक्का म्हणाली, "बरं, बगते." मी टेप घेतला आणि निघाले. खरं सांगते, वाटेत मला वाटलं, ही आता ऐकणार. का नाही ऐकणार? असं घर, असा पेरू माझा असता तर मी एक आकडा काय, सोमवारच पुसून टाकला असता.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला मुक्या बोअरवर आली. मी पलीकडच्या काठावर, पट्टीपाशी. तात्यांच्या हौदात पाइपातून पाणी धो धो पडत होतं. तात्या बांधावर उभे. आक्कानं बोअरचं झाकण काढलं. बोअरचा टेप निराळा, त्याच्या टोकाला पाणी लागलं की शिट्टी वाजते. टेप जात राहिला, जात राहिला. शिट्टी वाजली. आणि आक्कानं आकडा ओरडून वाचला. रोजच्यासारखा. हौदाच्या आवाजावरून जावा म्हणून थोडा जास्तच मोठ्यानं.

मी तो तसाच परत ओरडले. तीच आमची रीत.

भिंतीमागं साठलेल्या पाण्यावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले. मागच्या सोमवारचा आकडा त्यांना पाठ होता. एकजण म्हणाली, "आगं बया, येवडं खाली?" पलीकडं येसूआबा काठीवर रेलून उभे होते, त्यांनीही ऐकलं. तात्या बांधावरून उतरले आणि घराकडं गेले.

मी ओढा ओलांडून आक्काकडं गेले. ती टेप गुंडाळत होती. मला अजून समजलेलं नाही की ती ठरवून ओरडली, की इतक्या दिवसांची सवय तोंडातून निसटली. मी विचारलं, "आक्का, आता?"

"आता काय? तोंडातून गेलं त्ये गेलं. फळ्यावर काय येगळं लिहू व्हय?" मिश्रीची डबी उघडली, बोट लावलं, परत बंद केली. "तूबी लई मोठ्यानं वरडलीस गं. कदी न्हाई ती."

आणि हसली. दातांतली फट दिसली. पण ते हसणं ओढ्यापलीकडं गेलं नाही.

फळ्यावर तिनंच लिहिलं. नांगरासारखा चार, झोपलेला नऊ. ग्रामसभेनं ओढ्याकाठच्या मोटरी दिवसाआड चालवायच्या ठरवल्या. येसूआबांची विहीर काही भरून वाहिली नाही, पण गाळावर थोडं पाणी राहायला लागलं. तात्यांच्या उसाची एक कड वाळली.

तिला घरातून कुणी जा म्हटलं नाही. आधी तिचं ताट निराळं वाढायला लागले. मग एक दिवस खोलीत खताची पोती आली आणि ट्रंक गोठ्याच्या पडवीत. तिचा भाचा, ज्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं, तो समोरून यायचा आणि मोबाईल कानाला लावून वळायचा. गावातली माणसं तिच्याशी पहिल्यासारखीच बोलत, उलट जास्त मानानं. फळ्याचं कौतुक केलं. पण पडवीतली ट्रंक कुणी उचलून आपल्या घरी नेली नाही. भावाबहिणीच्या मधे कुणी पडायचं, म्हणाले.

मी माझ्या घरात विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे की, पन तात्याला काय वाटंल?" मी आक्काला सांगायला गेले, आमच्याकडं या. ती म्हणाली, "तुजंच अजून नीट बसलं न्हाई त्या घरात. माजी ट्रंक कशाला घेतीस डोक्यावर?"

अक्षयतृतीयेच्या आधी ती गाव सोडून गेली. टेप, झाकणाची किल्ली, सगळं माझ्या दारात ठेवलेलं होतं. आरसा मात्र तिनं नेला. दारापुढं रांगोळी होती, तिला पाय लागू न देता बाजूनं गेली होती.

आता काम माझ्याकडं आहे. जोडीला शाळेमागची एक पोरगी घेतली आहे, गावचीच. ती वाकली की कुणी ओरडत नाही. मी अजून आरोळी देते. आता गरज नसते बहुतेक. येसूआबा लिंबाखालून हात हलवतात, वाक वाक. तरी मी देते.

फळाही मीच लिहिते. पारावरून कुणी काही म्हणत नाही. पहिल्यांदा लिहिला तेव्हा चार वाकडा आला. लोक म्हणाले, आक्कासारखाच आलाय की. ते ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही. एवढं सगळं होऊनही माझा चार तिचाच.

मागच्या महिन्यात आकडे घेऊन नगरच्या ऑफिसात निघाले होते. एसटी मिरजगावला हायवेवर थांबली. मी खिडकीत. रस्त्याच्या पलीकडं शेखभाभींची खानावळ, आणि आतून एक हसणं आलं. आधी हसणं, मग ती. साडीवर शर्ट होता, नवा, कुणाचा ते माहीत नाही. हातात पीठ. बाकड्यावर ट्रकवाले, मार्केटातले हमाल, कॉलेजची दोन पोरं बसलेली. "आक्का, भाकरी!" "आक्का, इकडं रस्सा!" ती एकाला म्हणत होती, "आरं येड्या, दोन हात हायेत मला. काल बायकूशी बोल्लास का? न्हाई? मग भाकरी न्हाई."

चार-पाच महिने झाले नसतील. तिथं तिचा भाऊ नाही, पेरू नाही, वडलांचं नाव नाही. मी चार वर्षांत आमच्या गावात जेवढी रुजले नाही तेवढी ती त्या बाकड्यांमधे रुजली होती. मी समजत होते, तिच्याकडं माहेर आहे म्हणून ती तशी. माहेर गेलं तरी ती तशीच. मग मी इतके दिवस हेवा केला तो कशाचा?

बस हलली. ती डोळ्यांआड होईल म्हणून मी खिडकीतून वाकले, अर्धी बाहेर. कंडक्टर ओरडला, मागच्या सीटवरच्या बाईनं माझा दंड धरला, "आवो ताई, आत घ्या डोकं! जीव द्यायचाय का?"

आक्का खानावळीच्या दारात उन्हाला आली आणि तिनं वर बघितलं. मला बघितलं. पिठाचा हात खिशात गेला आणि क्षणभरात माझ्या डोळ्यांवर उजेड पडला, न थरथरता, सरळ.

"वाकू द्या वो तिला!" ती हायवेवर ऐकू जाईल अशी ओरडली. "आमच्या गावची हाय ती!"

सगळी बस माझ्याकडं बघायला लागली. त्या उजेडानं डोळ्यांपुढं अंधारी आली होती आणि ती सरली तेव्हा आक्काची पाठ दिसत होती. कुणीतरी ट्रकवाला ताट पुढं करत होता आणि ती त्याला भाकरी वाढत होती. बस वळेपर्यंत मी बघत राहिले. त्या ट्रकवाल्याचा मला फार हेवा वाटला.